कानातल्या आवाजाने धास्तावलेल्या मुलास

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र सावकाश, दोनदा वाचलं. त्यात आवाजाबद्दल जेमतेम चार ओळी आहेत. दोन्ही कानांत एकसारखी बारीक शिट्टी, महिना होऊन गेला, कान-नाक-घसा तज्ज्ञांनी कान पाहिले, ऑडिओमेट्री म्हणजे ऐकण्याची चाचणी झाली, सगळं नॉर्मल. उरलेली दोन पानं या आवाजातून पुढे काय काय होईल याची आहेत: बहिरेपण, मेंदूतली गाठ, वेड लागणं. तुझी झोप त्या दोन पानांनी उडवली आहे, म्हणून मी जास्त त्यांच्याबद्दलच लिहिणार आहे.

तरी आधी शरीराचं बोलू. ते टाळून नुसता धीर देणं मला पटत नाही. लोकांचे कान तपासताना काही खुणा दिसल्या की मी सावध होते. आवाज एकाच कानात असणं. नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडणारा आवाज. गरगरणं, तोंडाची एक बाजू बधिर किंवा लुळी पडणं. कानातून पाणी किंवा पू येणं, डोक्याला मार लागल्यावर आवाज सुरू होणं. आणि सर्वांत तातडीची खूण म्हणजे काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत अचानक ऐकू येणं कमी होणं. तिथे उपचार जितके लवकर तितके बरे, म्हणून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. काही औषधांनीही कानात आवाज येतो: जास्त मात्रेतलं ॲस्पिरिन, क्विनाईन, जेंटामायसिनसारखी अँटिबायोटिक्स. तू काही घेत असशील तर डॉक्टरांना सांग, स्वतःच्या मनाने बंद करू नकोस.

तू लिहिलेल्यात यातली एकही खूण नाही. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या अकादमीने २०१४ साली कर्णनादासाठी, म्हणजे बाहेर आवाज नसताना कानात ऐकू येणाऱ्या आवाजासाठी, मार्गदर्शक सूचना काढल्या. अशा खुणा नसताना एमआरआय किंवा सीटी स्कॅन सरसकट करू नये, असं त्यांतही म्हटलं आहे. तेव्हा डॉक्टरांनी स्कॅन लिहून दिला नाही यात हलगर्जीपणा नाही, तुझ्यापासून काही लपवलेलंही नाही. उलट, स्कॅनमध्ये पुष्कळदा निरुपद्रवी गोष्टी योगायोगाने सापडतात आणि तुझ्या आत्ताच्या मनःस्थितीत त्यातली प्रत्येक गोष्ट तुला नवा घोर लावेल.

मग आवाज येतो कुठून? आतल्या कानात केसांसारखे बारीक तंतू असलेल्या पेशी असतात, प्रत्येक कानात साधारण १५,०००. मोठे आवाज, वय, काही औषधं यांनी त्यातल्या काही दुखावतात. नेहमीची ऑडिओमेट्री २५० ते ८,००० हर्ट्झपर्यंतच पाहते आणि तरुण कान २०,००० हर्ट्झच्या आसपासपर्यंत ऐकतो. म्हणून थोडीशी इजा असली तरी रिपोर्टात दिसेलच असं नाही. हे वाचून दचकू नकोस, यात पुढे बळावणारा कुठलाही छुपा आजार नाही. कानाकडून येणारे संकेत थोडे कमी झाले की मेंदू आपली संवेदनशीलता वाढवतो. स्टेशन नीट लागत नसलं की आपण रेडिओ मोठा करतो आणि गाण्याबरोबर खरखरही वाढते, तसं काहीसं. आज संशोधकांना जास्त पटणारं स्पष्टीकरण हेच आहे. नेमकं मूळ मात्र पुष्कळांच्या बाबतीत सापडत नाही, आणि ते न सापडताही माणसं बरी राहतात.

दोन प्रयोग तुला मुद्दाम सांगते. १९५३ साली हेलर आणि बर्गमन यांनी नीट ऐकू येणाऱ्या ८० प्रौढांना ध्वनिरोधक खोलीत बसवलं आणि काय ऐकू येतं ते नोंदवायला सांगितलं. पाच मिनिटांत ९४ टक्के लोकांनी कसला ना कसला आवाज नोंदवला. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १८ जणांनी सात दिवस एका कानात बोळा घालून ठेवला. त्यातल्या १४ जणांना नसलेले आवाज ऐकू यायला लागले आणि बोळा काढल्यावर ते गेले. निरोगी श्रवणयंत्रणाही शांततेत स्वतःचा आवाज करते, एवढं यातून घे. आणि घरात बसून कानात कापूस घालणं आजच थांबव. खरोखर कर्कश जागी बोळे जरूर वापर, शांत खोलीत नको.

जगभरातल्या पाहण्या एकत्र करून २०२२ साली काढलेला अंदाज असा, की सुमारे १४ टक्के प्रौढांना कर्णनाद असतो आणि तीव्र स्वरूपाचा सुमारे २ टक्क्यांना. म्हणजे ज्यांना आवाज येतो त्यांतले बहुतेक लोक त्याच्यासकट कामं करतात, गाणी ऐकतात, झोपतात. मग काहींना एवढा त्रास का? त्यांचा आवाज मोठा असतो म्हणून, असं वाटेल. पण हा आवाज बाहेरच्या आवाजाशी जुळवून मोजला, तर बहुधा तो ऐकू येण्याच्या किमान पातळीपेक्षा थोडेच डेसिबल वर भरतो. ज्याला सर्वांत जास्त त्रास त्याचाच आवाज सर्वांत मोठा, असंही दिसत नाही. १९९० साली पावेल यास्त्रेबॉफ या संशोधकांनी याची संगती लावली. भावना आणि सावधगिरी सांभाळणाऱ्या मेंदूच्या यंत्रणा त्या आवाजाला धोका ठरवतात, धोका ठरला की लक्ष त्याच्याकडे लागतं, आणि लक्ष लागलं की तो अधिक ऐकू येतो. हे चक्र तुझ्या डोक्यात महिनाभर फिरतंय. त्याला तू वंगण कुठे घालतोस, ते तुझ्याच पत्रात आहे.

सकाळी डोळे उघडताच आवाज आहे का, ते पाहणं. दार लावून ‘आज वाढलाय का’ हे ऐकत बसणं. कानाजवळ बोटं चोळून दोन्ही बाजू सारख्या आहेत ना, याची खातरजमा. मोबाइलवरच्या श्रवणचाचण्या. वहीत रोज दहापैकी गुण. आईला पुन्हा पुन्हा विचारणं. रात्री दोन वाजेपर्यंत गूगल. यातल्या प्रत्येक गोष्टीने तुला थोडा वेळ बरं वाटतं, आणि नेमकं तेच पुढे महाग पडतं. सॅल्कोव्स्किस आणि वॉर्विक या संशोधकांनी १९८६ सालीच लिहून ठेवलंय, की आजाराच्या चिंतेत वारंवार घेतलेला दिलासा चिंता जिवंत ठेवतो. तपासलं आणि सुटका झाली, एवढंच मन शिकतं. न तपासताही काही झालं नसतं, हे शिकायची संधी त्याला मिळतच नाही.

सगळं एका दिवसात सोडायला जाऊ नकोस, दुसऱ्या दिवशी दुप्पट होईल. आधी वही बंद कर, ते सर्वांत सोपं. मग रात्रीचं वाचन. इंटरनेटवर कारणांची यादी मिळते, पण त्यातलं कुठलं किती दुर्मीळ आहे याचा अंदाज वाचताना राहत नाही. कानाच्या नसेवरची गाठ दरवर्षी लाखात जेमतेम काही जणांत आढळते, ती कर्करोगाची नसते आणि सहसा हळू वाढते. पण तुझ्या यादीत ती कानातल्या मळाच्या शेजारी, त्याच आकाराच्या अक्षरांत बसलेली असते. तपासायची उबळ आली की तिला ‘नाही’ म्हणू नकोस, ‘पंधरा मिनिटांनी’ म्हण. त्या पंधरा मिनिटांत छातीत धडधडेल, अस्वस्थ वाटेल. वाटू दे. ती लाट उतरते, आणि उतरताना तू पाहिलीस की पुढच्या वेळी तिची भीती थोडी कमी असते.

आता एक कठीण गोष्ट. तुला शंभर टक्के खात्री हवी आहे, ती मी देऊ शकत नाही. कोणीच देऊ शकत नाही. पण तुझ्या यकृताची, मूत्रपिंडांची, डोळ्यांचीही अशी खात्री तुझ्याकडे नाही आणि तू ती मागतही नाहीस. फक्त कानाकडून मागतोस. म्हणून यापुढे ‘ही गाठ तर नसेल ना’ असं तू विचारलंस, तर मी उत्तर देणार नाही. मला तुझी पर्वा आहे म्हणूनच देणार नाही. घरच्यांनाही हे पत्र दाखव आणि त्यांच्याशी तसंच ठरवून घे. वर सांगितलेली नवी खूण दिसली तर डॉक्टरांकडे जा, नाहीतर डॉक्टरांनी सांगितलेल्या तारखेलाच.

रात्रीसाठी पूर्ण शांतता नको. पंख्याची घरघर, पावसाचं रेकॉर्डिंग, काहीही चालेल, फक्त ते शिट्टीपेक्षा हळू ठेव. तिला बुडवायला गेलास की ती बुडाली का हे बघत बसशील. पाठीमागे दोन्ही चालू राहू दे. हेडफोनवर गाणी ऐक, आवाज आटोक्यात ठेव. जागतिक आरोग्य संघटनेने ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास ही मर्यादा सांगितली आहे. कर्णनाद घालवण्याचा दावा करणाऱ्या गोळ्यांवर पैसे घालू नकोस. जिंको नावाच्या झाडाचा अर्क, झिंक, मेलाटोनिन यांची शिफारस करू नये, असं त्याच २०१४ च्या सूचना सांगतात.

ज्याच्यामागे त्यातल्या त्यात चांगला पुरावा आहे तो उपचार बोलण्याचा आहे: कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी, म्हणजे विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी थेरपी. वैद्यकीय अभ्यासांचा आढावा घेणाऱ्या कोक्रेन या संस्थेने २०२० साली २८ अभ्यास एकत्र तपासले तेव्हा कर्णनादाचा आयुष्यावरचा भार तिने कमी होतो, असं दिसलं. आवाज पुसला जाईल असं ती म्हणत नाही, आणि मीही म्हणणार नाही. पण पुष्कळांच्या बाबतीत काही महिन्यांत असं होतं, की तासन् तास त्याची आठवणच येत नाही. मधे सर्दी होईल, जागरण होईल, परीक्षा येईल, आणि आवाज पुन्हा अंगावर आल्यासारखा वाटेल. तेव्हा मागचं सगळं वाया गेलं असं समजू नकोस. तसे दिवस सगळ्यांना येतात.

जगणं नकोसं वाटतंय असा विचार एकदा जरी आला, तर वाट पाहू नकोस. रात्र असली तरी घरातल्याला उठव आणि डॉक्टरांकडे जा. तिथे भिडस्तपणा मुळीच नको.

मानसोपचारतज्ज्ञांची वेळ या आठवड्यात घे. पहिल्या भेटीत आवाजाचं वर्णन थोडक्यात सांग. या महिन्यात त्याच्यापायी तू काय काय सोडलंस, ते मात्र सविस्तर लिहून ने: मित्रांकडे जाणं, वाचनालयात बसणं, गाणं. काम तिथून सुरू करायचं आहे. त्या यादीतली सर्वांत सोपी गोष्ट तर तू भेटीच्या आधीच, आवाज येत असताना, सुरू कर.

तुझी शुभचिंतक