लेफ्ट फोर डेड २ हा झोंबी मारायचा गेम नवीन घेतला न भाऊ? मंग हे वाच

पहिले एक सांगतो, एकटा समोर पळू नको बे. हंटर, म्हणजे झेप घेणारा झोंबी, छातीवर बसला की आपल्याआपण उठताच येत नाही, टीममधल्या बाकी तिघांपैकी कोणीतरी येऊन सोडवावं लागते, अन् ते मागं राहिले असन तर गेलाच समज. बूमरले, म्हणजे त्या फुगलेल्या जाड्या झोंबीले, जवळ फोडू नको, धक्का मारून मागं ढकल मग मार, नाहीतर त्याची घाण अंगावर उडते अन् सगळी झुंड तुह्याच मागं, सीताबर्डीत दिवाळीच्या आधी राहते तशी गर्दी. अलार्मवाल्या गाडीले गोळी लागली तरी तेच. विच, म्हणजे रडत बसणारी झोंबी बाई, रडताना ऐकू आली की टॉर्च बंद कर, उजेडानं चिडते ते. गेम २००९ चा आहे पण डायरेक्टर, म्हणजे गेममधला कॉम्प्युटर, तुमचा खेळ पाहून झोंबी सोडते, म्हणून मी अजूनही खेळून राहिलो. अन् हो, मित्रांच्या पाठीत गोळ्या घालणं कमी कर.