डोकं उठतं तेव्हा ताटाआधी घड्याळ बघ

प्रिय पोरी,

अर्धशिशीपायी वांगं सोडलंस, शेवभाजी सोडलीस, आता दूधही बंद करणार म्हणतेस. फोन ठेवल्यापासून मला तेच खुपतंय, कारण मीही याच वाटेने गेले आहे. वांगं वातूळ असतं असं कुणीतरी म्हणालं म्हणून तीन हिवाळे मी भरिताला शिवले नाही. शेतात काड्यांवर वांगी भाजत, सगळे कळण्याच्या भाकरीशी भरीत खात, आणि मी वरणभात. डोकं ठणकायचं ते ठणकायचंच.

मग एक साधी वही केली. काय खाल्लं, किती वाजता, झोप किती, दुखणं कधी सुरू झालं. दीड महिन्यात दिसलं की सकाळच्या शाळेच्या दिवशी चहावर निघून दुपारी दोनला जेवायचे, त्याच संध्याकाळी डोकं उठायचं. एकादशीलाही तेच. वांग्याचा संबंधच नव्हता. अर्धशिशीच्या मेंदूला उपाशी राहणं सोसत नाही. निघण्याआधी अर्धी भाकरी नि दाण्याची चटणी, मधल्या सुट्टीत केळं, एवढंच बदललं. दुखणं गेलं नाही, पण महिन्यातले झटके निम्म्यावर आले.

आणखी एक. दुखण्याआधी मला गुळाची फार तल्लफ यायची, म्हणून मी गुळालाच दोष द्यायचे. पण झटका दुखण्याच्या कित्येक तास, कधी दोन दिवस आधीच सुरू झालेला असतो. जांभया, चिडचिड, अमुकच खावंसं वाटणं ही त्याचीच चाहूल. तेव्हा एखादा पदार्थ दोन-तीनदा वहीत सापडला, तरी लगेच त्याला कारण ठरवू नकोस. सोडायचाच तर एका वेळी एकच, महिनाभर, आणि फरक नाही पडला तर पुन्हा ताटात घे.

चहा एकदम तोडू नकोस, त्यानेही डोकं धरतं. हळूहळू कमी कर. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो, तहान लागायची वाट न बघता पाणी पी.

गोळ्यांचं मात्र मला भय वाटतं. साधी वेदनाशामक गोळीसुद्धा महिन्यात १५ किंवा जास्त दिवस घेत राहिलं, तर तिनेच डोकेदुखी वाढते. तितक्या होत असतील तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. आणि अचानक कधी नव्हे इतकं दुखलं, बोबडी वळली किंवा हात लुळा पडला, तर वहीबिही राहू दे, तडक दवाखाना गाठ.

कानबाईच्या सणाला, रोटांना येशील तेव्हा वही आण. दोघी मिळून बघू.

तुझी,
बाई