आधी स्टेक, मग कोळंबी

प्रिय,

दोघांपुरतं सर्फ अँड टर्फ, म्हणजे एकाच ताटात स्टेक (मांसाचा जाड तुकडा) आणि कोळंबी किंवा लॉबस्टर, घरी करायचं तू ठरवलंयस आणि धास्ती अशी की एक तयार होईपर्यंत दुसरं गार होईल. धास्ती रास्त आहे. पण त्यासाठी दोन शेगड्यांवर कसरत नको. तवा एकच घे, जाड बुडाचा, बिडाचा असला तर उत्तम. स्टेक उतरवल्यावर त्याला पाच-सात मिनिटं तसंच ठेवावं लागतं आणि कोळंबीला तीन-चार मिनिटं पुरतात. म्हणजे स्टेक थांबलेला असताना कोळंबी होऊन जाते. लॉबस्टरचा हट्ट पहिल्या खेपेला सोडून दे. महाग असतो आणि त्याचा अंदाज यायला वेळ लागतो.

स्टेक निदान ३ सेंटिमीटर जाड घे. पातळ तुकड्याला बाहेरून रंग चढेपर्यंत तो आतून चामट होऊन बसतो. मीठ पाऊण तास आधी लाव. सुरुवातीला मांसाला पाणी सुटेल, घाबरू नकोस. नंतर त्यातलं बरंचसं मिठासकट परत आत मुरतं. तेवढा वेळ नसेल तर मीठ अगदी तव्यावर टाकतानाच लाव. अधलीमधली दहा-पंधरा मिनिटं सगळ्यात वाईट, कारण तेव्हा मांस ओलं असतं.

आणि ओलं मांस म्हणजे फुकट गेलेली आच. पाणी १०० अंशांना उकळतं, तर तो खमंग तपकिरी रंग साधारण १४० अंशांच्या पुढे येतो. पृष्ठभागावर पाणी असेपर्यंत तव्याची सगळी ताकद वाफ करण्यात जाते. म्हणून टाकण्याआधी कागदाने टिपून घे. कोळंबीही अशीच टिप. ती आदल्या रात्री फ्रीजमध्ये वितळत ठेव, सोल, पाठीवर उभी चीर देऊन काळा दोरा काढ. कच्च्या मांसाची पाटी-सुरी बाकी कशाला लावू नकोस.

तवा चांगला तापला, तेल हलकं धुरकटायला लागलं की स्टेक ठेव आणि हात आवर. दोन मिनिटं त्याला हलवायचं नाही. चांगला रंग धरला की तो तव्यापासून आपसूक सुटतो. ओढावा लागला तर अजून वेळ आहे. दर बाजूला तीन-चार मिनिटं हा ढोबळ हिशोब झाला, खरा भरवसा थर्मामीटरचा. तो विकत घेच. बोटाने दाबून ओळखणारे खूप भेटतील, मी त्यांच्या नादी लागत नाही. आतून गुलाबी हवा असेल तर ५४ अंशांना उतरव, ठेवल्या ठेवल्या तो आणखी दोन-तीन अंश चढतो. अमेरिकेच्या कृषी विभागाची शिफारस मात्र ६३ अंश आणि वर ३ मिनिटं थांबण्याची आहे; जेवणाऱ्यांत कुणी गरोदर किंवा वयस्कर असेल तर तीच पाळ.

स्टेक बाजूला काढलास की आच मध्यम कर, कोळंबी एका थरात पसर. बटर आणि ठेचलेला लसूण ती उलटल्यावरच घाल, आधी घातलेस तर दोन्ही करपतील. कोळंबी अर्धवट वळली आणि मधोमध काचेसारखी झाक राहिली नाही की झालं. पूर्ण गोल वेटोळं म्हणजे रबर. तव्यात लिंबू पिळ, तळाला लागलेलं खरवडून घे, स्टेकमधून गळलेला रस त्यात ओत. स्टेक धाग्यांना आडवा काप आणि हे वरून सोड.

सोबतीला उकडलेले बटाटे आणि काहीतरी हिरवं, तेही आधीच करून ठेवलेलं. त्या दहा मिनिटांत तुला तिसरीकडे बघायला फुरसत नसते.

आणि हो, येणाऱ्या माणसाला कोळंबीची अ‍ॅलर्जी नाही ना, हे आजच विचार. असेल तर कोळंबीचा बेतच रद्द कर. वेगळी शिजवून बाजूला वाढण्याची पळवाट नको.

तुझा,
काका