नागपुरात जुन्या मिलच्या जागी कला-संग्रहालयांचा परिसर झालाय का? दोन दिवस येतेय, काय पाहू?

तुम्हाला अपेक्षित आहे तसा, जुन्या इमारती जपून त्यात चित्रदालनं थाटलेला परिसर नागपुरात नाही. एम्प्रेस मिल ही जुनी कापडगिरणी होती तिथे आज मॉल आहे. पण नागपूर कामगारांचं शहर होतं, हे बघायचं असेल तर एक दिवस पुरेल आणि तो वाया जाणार नाही.

माझे आजोबा एम्प्रेसमध्ये होते. त्यांचा पितळी बिल्ला अजून आमच्या देव्हाऱ्याच्या खणात आहे. बोटांनी घासून घासून त्यावरचा आकडा जवळजवळ गेलाय, कडेचं भोक मात्र शाबूत आहे. आजी सांगायची, भोंगा झाला की आधी चूल पेटायची, मग घड्याळ बघायचं. म्हणून हा प्रश्न दिसल्यावर लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

सकाळी मोतीबागेपासून सुरुवात करा. मेट्रोच्या ऑरेंज लाईनवर कडबी चौकला उतरायचं. तिथलं नॅरोगेज रेल्वे संग्रहालय २००२ साली सुरू झालं. जुनी वाफेची इंजिनं, डबे, दिवे, सिग्नलचं सामान सगळं आहे, पण मला सगळ्यात जास्त आवडतो तो खुद्द रूळ. दोन रुळांमधलं अंतर फक्त ७६२ मिलीमीटर, म्हणजे अडीच फूट. माझी भाची एक पाय या रुळावर, दुसरा त्या रुळावर ठेवून सहज उभी राहिली. एवढ्याशा वाटेवरून सातपुड्यातली माणसं आणि माल वाहिला गेला, हे तिला त्या एका क्षणात कळलं. नागपूर-छिंदवाडा नॅरोगेज २०१५ मध्ये बंद झाली आणि नागपूर-नागभीड २०१९ मध्ये. त्या गाडीतून गेलेली माणसं अजून आहेत. तिथे कुणी वयस्कर भेटले तर आवर्जून विचारा.

तिथून त्याच लाईनने झिरो माईल. जवळच अजब बंगला आहे, म्हणजे १८६३ सालचं मध्यवर्ती संग्रहालय. शिलालेख, मूर्ती, गोंड समाजाच्या वस्तू बघायला तास-दीड तास लागतो. चित्रांची ओढ असेल तर सिव्हिल लाईन्समधल्या दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्रात कोणतं प्रदर्शन आहे ते विचारून घ्या.

दुपार उतरली की सीताबर्डीला गाडी बदलून कॉटन मार्केट. तिथून गांधीसागर, म्हणजे आमचा जुम्मा तलाव. याच्याच काठी जमशेटजी टाटांनी मिल उभी केली. कापूस आसपासच पिकायचा, कोळसा वरोऱ्याहून यायचा, रेल्वे आधीच आली होती. एवढं असूनही दलदलीची ही जागा भरून काढताना एका सावकाराने म्हणे पैसे द्यायला नकार दिला, हा माणूस सोनं मातीत घालतोय म्हणून. मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं, म्हणून नाव एम्प्रेस. व्यवस्थापक बेझनजी मेहता हे रेल्वेतून आलेले, कापडातले नव्हेत. इंग्लंडमधले लँकेशायरचे गिरणीवाले म्यूल या जुन्या कताई यंत्रावरच सूत कातत होते तेव्हा इथे रिंग स्पिंडल, म्हणजे सूत कातायची नव्या पद्धतीची चाती, लावून पाहिली गेली. १८८६ मध्ये कामगारांसाठी पेन्शन फंडही सुरू झाला. हे ऐकलं की मला आजोबांचा बिल्ला आठवतो.

आता तलावाच्या काठावर उभं राहिलं की मॉल दिसतो आणि जवळच १९९२ पासूनचं रमण विज्ञान केंद्र. मिलबद्दल एक नीट दालन इथेच व्हायला हवं, असं मला मनापासून वाटतं. इतक्या घरांचे बिल्ले, पगाराच्या पावत्या, फोटो पेटीत पडून आहेत. मागितले तर लोक आनंदाने देतील, आमचा पहिला.

दुसरा दिवस हातात आहेच तर गोळीबार चौक, तांडापेठकडे फिरून या. हा हलबा कोष्ट्यांचा, हातमागाचा भाग. माग आता फार थोडे उरलेत, पण ठकठक ऐकू आली तर दारात थांबून विचारा, आत बोलावतात.

सोमवार मात्र टाळा, अजब बंगला बंद असतो. मोतीबागेची वेळही आदल्या दिवशी विचारून ठेवा.