जावामध्ये शा-२५६ चा हॅश दोन संगणकांवर वेगळा का येतो?

तुमचा प्रश्न असा आहे: जळगावकडच्या एका जिनिंगसाठी कापूस खरेदीच्या पावत्यांचा प्रोग्राम जावात लिहिलाय आणि प्रत्येक पावतीचा शा-२५६ (SHA-256) हॅश, म्हणजे तिच्या मजकुरावरून काढलेली ठराविक लांबीची खूण, साठवायचाय. पण तीच पावती ऑफिसच्या विंडोजवर एक हॅश देते, लिनक्स सर्व्हरवर दुसरा. काही हॅश ६४ ऐवजी ६३ अक्षरांचे निघतात. आणि लॉगिनचे पासवर्डही असेच साठवले तर चालतील का?

भाऊ, शा-२५६ मध्ये काही बिघडलेलं नाही. त्याला बाइट्स दिले की तो ३२ बाइट्स परत देतो, एवढंच त्याचं काम. मजकुराचे बाइट्स करताना आणि त्या ३२ बाइट्सचा परत मजकूर करताना गडबड होते.

दोन मशीनवरचा फरक आधी घेऊ. तुम्ही स्ट्रिंगवर गेटबाइट्स रिकाम्या कंसाने बोलावलं असणार. जावा १७ पर्यंत अशा वेळी ऑपरेटिंग सिस्टिमचं डिफॉल्ट एन्कोडिंग, म्हणजे अक्षरांचे बाइट्स करण्याची पद्धत, वापरलं जातं. आपल्याकडच्या इंग्रजी विंडोजवर ते बहुधा विंडोज-१२५२ असतं आणि त्यात देवनागरी अक्षरच नाही. मग प्रत्येक अक्षराच्या, प्रत्येक कान्यामात्रेच्या जागी प्रश्नचिन्ह बसतं, तेही एरर न देता. ‘जळगाव’, ‘चोपडा’ आणि ‘रावेर’ हे तिन्ही शब्द युनिकोडमध्ये पाच-पाच चिन्हांचे आहेत. तिघांचीही पाच प्रश्नचिन्हं होतात आणि तिघांचा हॅश तंतोतंत एकच येतो. म्हणजे विंडोजवरचे तुमचे जुने हॅश नुसते वेगळे नाहीत, ते निरुपयोगी आहेत. ते मूळ पावत्यांवरून पुन्हा काढा. उपाय एका शब्दाचा आहे: गेटबाइट्सला स्टँडर्डचारसेट्समधलं यूटीएफ-८ द्या. जावा १८ पासून डिफॉल्टच यूटीएफ-८ झालं, तरी ते लिहाच, कारण जिनिंगच्या त्या मशीनवर कोणता जावा आहे याची खात्री कोण देणार?

यूटीएफ-८ केल्यावरही मराठीत एक खाच उरते. ‘शेतकऱ्याचे’ या शब्दातला ‘ऱ’ एका चिन्हाचा असू शकतो, म्हणजे ३ बाइट्स. किंवा ‘र’ अधिक नुक्ता असा दोन चिन्हांचा, म्हणजे ६ बाइट्स. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, हॅश मात्र वेगळा. म्हणून हॅशआधी नॉर्मलायझर क्लासने मजकूर एनएफसी रूपात आणा, म्हणजे अशी दोन चिन्हं जोडून एक होतात. तिसरा प्रकार एनएफसीलाही कळत नाही: काही कीबोर्ड ‘र’, हलन्त आणि झीरो विड्थ जॉइनर (न दिसणारं जोडचिन्ह) अशा तीन चिन्हांनी तेच अक्षर बनवतात. इथे जॉइनर नुसता उडवू नका, नाहीतर ऱ्याचा र्या होऊन शब्दच बदलेल. त्या तीन चिन्हांच्या जागी ‘ऱ’ आणि हलन्त अशी बदली स्वतः करा. नावं अहिराणी वळणाची असली तरी लिपी देवनागरीच, तेव्हा नियम तोच.

६३ अक्षरांचं कारण बिगइंटिजर. बाइट्सचा मोठा आकडा करून तो हेक्समध्ये (सोळाच्या पायावर, दर बाइटला दोन अक्षरं) छापला की सुरुवातीचं शून्य गळतं. हॅशचं पहिलं हेक्स अक्षर शून्य असण्याची शक्यता सोळात एक, म्हणून साधारण दर सोळा पावत्यांत एक तरी आखूड निघेल. दुसरी नेहमीची चूक म्हणजे प्रत्येक बाइट सरळ टूहेक्सस्ट्रिंगला देणं. जावात बाइट –१२८ ते १२७ असतो, त्यामुळे ऋण बाइटच्या आधी सहा एफ चिकटतात. बाइटला आधी २५५ शी ॲन्ड करा आणि एकच अंक आला तर त्याआधी शून्य भरा. जावा १७ किंवा पुढचा असेल तर हेक्सफॉरमॅट क्लास हे सगळं करतो.

आता हॅश काढणाऱ्या मेसेजडायजेस्टच्या ऑब्जेक्टबद्दल, कारण नवीन माणूस इथेच फसतो. तो नुसतं गणिताचं फंक्शन नाही. अपडेटने दिलेला माल तो पोटात साठवत जातो आणि डायजेस्ट बोलावलं की उत्तर देऊन रिकामा होतो. डायजेस्ट लागोपाठ दोनदा बोलावलं तर दुसऱ्यांदा रिकाम्या मजकुराचा हॅश मिळतो, जो ‘ई३बी०सी४४२’ ने सुरू होतो. डेटाबेसमध्ये ही सुरुवात दिसली की समजा, हॅश कशाचाच झालेला नाही. तो ऑब्जेक्ट स्टॅटिक ठेवून सगळ्या थ्रेडना वाटू नका. दोन काट्यांवरून एकाच वेळी पावत्या आल्या की एकीचे बाइट्स दुसरीत मिसळतात, आणि ही चूक टेस्टिंगमध्ये सापडत नाही, हंगामात सापडते. दर पावतीला गेटइन्स्टन्सने नवा घ्या, त्याचा खर्च नगण्य आहे.

फाइलचा हॅश काढताना ८१९२ बाइट्सचा बफर पुरे. पण अपडेटला बफरसोबत शून्य आणि प्रत्यक्ष वाचलेली संख्या द्या. नुसता बफर दिलात तर शेवटच्या फेरीत आधीच्या फेरीचे शिळे बाइट्सही आत जातात.

पावतीचे रकाने नुसते जोडू नका. पावती क्रमांक १२ आणि वजन ३४५, किंवा क्रमांक १२३ आणि वजन ४५; जोडल्यावर दोन्ही १२३४५. प्रत्येक रकान्याआधी त्याची बाइट्समधली लांबी लिहा. रक्कम पैशांत आणि वजन किलोत पूर्णांक म्हणून घ्या, म्हणजे १२.५ आणि १२.५० चा घोळ होणार नाही. फॉरमॅट करताना लोकेल (भाषा-प्रदेशाची सेटिंग) रूट द्या; मराठी लोकेलवर आकडे देवनागरीत छापले जाऊ शकतात.

तपासायला इंग्रजी छोटी एबीसी ही तीन अक्षरं द्या. उत्तर ‘बीए७८१६बीएफ’ ने सुरू झालं पाहिजे. लिनक्सवर इकोने पडताळत असाल तर त्याला वजा-एन द्या, नाहीतर शेवटी नवी ओळ जोडली जाते. नोटपॅडच्या फाइलीत सुरुवातीला ३ बाइट्सचा बीओएम (एन्कोडिंगची न दिसणारी खूण) असू शकतो, तोही बघा.

तुम्ही विचारलेलं नाही, पण सांगणं गरजेचं आहे: पावतीशेजारीच तिचा नुसता हॅश ठेवून फेरफार पकडता येत नाही. वजन बदलणारा माणूस हॅशही नव्याने काढेल. तुम्हाला एचमॅक, म्हणजे गुप्त किल्ली घालून काढलेला हॅश, हवा: मॅक क्लास, एचमॅक-शा-२५६, आणि सिक्युअररँडमने काढलेली ३२ बाइट्सची किल्ली. गुप्त शब्द मजकुराआधी जोडून शा-२५६ काढणं हा पर्याय नाही; तो गुप्त शब्द माहीत नसतानाही मजकुराच्या शेवटी भर घालून वैध हॅश बनवता येतो. किल्ली जार फाइलीत ठेवू नका, ती कोणीही उघडतो. पडताळताना मेसेजडायजेस्टचं इजइक्वल वापरा; दोन बाइट ॲरे == ने तुलना केले तर मजकूर सारखा असूनही उत्तर खोटं येतं.

पासवर्डला शा-२५६ नको, कारण तो फार वेगवान आहे, म्हणजे अंदाज करून बघणाऱ्यालाही तितकाच सोपा. शेतकऱ्याचा मोबाइल नंबर हॅश करून ‘लपवणं’ही तसंच: ६ ते ९ ने सुरू होणारे दहा आकडी नंबर फक्त ४०० कोटी, आणि एक चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला शेकडो कोटी हॅश काढतं. पासवर्डसाठी सिक्रेटकीफॅक्टरीतून पीबीकेडीएफ-२ विथ एचमॅक-शा-२५६ (मुद्दाम संथ केलेली पद्धत) घ्या, दर माणसाला वेगळा १६ बाइट्सचा सॉल्ट (पासवर्डसोबत मिसळायचे यादृच्छिक बाइट्स) आणि ६,००,००० फेऱ्या. पीबीईकीस्पेकमध्ये द्यायची उत्तराची लांबी बिट्समध्ये असते, म्हणून तिथे २५६ लिहा. ३२ लिहिलंत तर अवघे ४ बाइट्स मिळतील आणि प्रोग्राम काहीच तक्रार करणार नाही.