ओढ्यासाठी आलेले १५ लाख आधी कशावर खर्चावेत?

तेरणा नदीला मिळणाऱ्या आपल्या ओढ्यासाठी एका कंपनीच्या सामाजिक निधीतून १५ लाख रुपये मिळणार आहेत आणि ग्रामसभेत तीन मते पडली आहेत, असे आपण लिहिले आहे: कुणाला खोलीकरण हवे आहे, कुणाला काठावर झाडे, तर मच्छीमार संस्थेच्या सभासदांना मत्स्यबीज, म्हणजे पाण्यात सोडायची माशांची विकतची पिले. माझे मत असे, की पहिला पैसा माथ्यावरच्या जमिनीला द्यावा, दुसरा डोहाला, आणि मत्स्यबीजाला तूर्त एक रुपयाही देऊ नये.

खोलीकरणाचा अनुभव आमच्या गावाने घेतला आहे. कंत्राटदाराने पोकलेन लावून ओढा सरळ आणि एकसारखा खोल केला. गाळ तर काढलाच, पण त्याखालची वाळू आणि मुरूमही उचलून नेला. पहिल्या पावसात तुडुंब पाणी पाहून आम्हीच पेढे वाटले होते. दुसऱ्या पावसाळ्यात दोन्ही काठ ढासळले, वरच्या रानातून आलेल्या मातीने चर पुन्हा भरत आला, आणि भर मे महिन्यातही कमरेइतके पाणी धरून राहणारा आमचा डोह नेमका कुठे होता, हे आज मुलांना दाखवता येत नाही. पाझर तलावातला गाळ काढून हलक्या रानात पसरणे हे उपयोगाचेच काम आहे, आणि त्यासाठी ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही सरकारी योजनाही आहे. परंतु तलाव वेगळा आणि वाहता ओढा वेगळा.

गाळ येतो कुठून, हे पाहण्यासाठी मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर तासाभराने आपल्या माथ्यावर जाऊन उभे राहावे. सोयाबीनसाठी मोकळे केलेले उताराचे रान तेव्हा उघडे असते, आणि आपल्याकडचा वर्षाचा बराचसा पाऊस मोजक्या दिवसांत झोडपून पडत असल्यामुळे वरचा सुपीक थर थेट ओढ्यात उतरतो. म्हणून निम्मी रक्कम, म्हणजे सात-आठ लाख, मी माथ्यावर लावीन: गायरानात समतल चर (उताराला आडवे, एकाच पातळीत खोदलेले) आणि गवत, शेतांत ढाळीचे बांध (जादा पाणी हळूहळू बाजूला काढणारे), आणि सोयाबीनसाठी रुंद वरंबा सरीची (रुंद वाफ्यावर पीक आणि दोन वाफ्यांमध्ये सरी अशी) पेरणी, जिच्याबद्दल परभणीच्या कृषी विद्यापीठाकडून मार्गदर्शन मिळू शकते. चर खोदण्याची मजुरी रोजगार हमीतून बसते का, ते आधी पाहावे, कारण तसे झाल्यास कंपनीचा पैसा सहसा कोणत्याच योजनेत न बसणाऱ्या गोष्टींसाठी, म्हणजे गवताच्या बियाण्यासाठी आणि पहिली तीन वर्षे गायरान राखणाऱ्या माणसाच्या पगारासाठी, मोकळा राहतो. झाडांचे म्हणाल तर ती काठावर अवश्य लावावीत, पण करंज, जांभूळ, उंबर यांसारखी इथलीच लावावीत. त्यावर लाखभरापेक्षा जास्त खर्च नको.

आता डोह. २०१६ च्या उन्हाळ्यात, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागत होते तेव्हा, शेजारच्या गावचे एक वयस्क भोई आटत्या डोहातल्या चिखलातून मरळ हाताने काढून, घमेल्यात ओल्या पोत्याखाली झाकून एका विहिरीत नेऊन सोडत होते. मरळ हवेतूनही श्वास घेते, त्यामुळे तेवढा वेळ तग धरते. मी विचारले तर म्हणाले, “ह्या जगल्या तर पुढच्या साली वढ्याला मासा दिसंल.” माशांचे गणित तेवढेच आहे. पावसाळ्यात अंडी घालायला वर चढणारे मासे उन्हाळा काढतात तो अशा चार-दोन डोहांत. डोह आटला की वाम गेली, मरळ गेली.

आणि डोह आटतो तो बहुधा त्यावर बसवलेल्या, पाणी उपसणाऱ्या मोटारींमुळे. तेव्हा खरा खर्च तिथेच करावा लागेल. फेब्रुवारीनंतर डोहातून उपसा नाही असा ठराव करणे सोपे आहे, पण ज्या तीन-चार शेतकऱ्यांचे उन्हाळी पीक त्या पाण्यावर उभे आहे त्यांना तुषार किंवा ठिबक संचासाठी आणि पीक बदलण्यासाठी मदत दिली नाही, तर तो ठराव होळीपर्यंतही टिकणार नाही. त्यासाठी चार लाख राखून ठेवावेत. डोहातील वाळू कुणालाही उचलू देऊ नये, हे तर विनाखर्च होणारे काम आहे.

मत्स्यबीजाला माझा विरोध संस्थेच्या सभासदांना आवडणार नाही, याची मला कल्पना आहे. कटला आणि रोहू हे मूळचे उत्तरेकडच्या नद्यांचे मासे; ते तलावात वाढवावेत, विकावेत, त्यात गैर काही नाही. ओढ्यात मात्र त्यांच्या बीजाबरोबर चिलापी (तिलापिया हा परदेशी मासा) आली, तर ती वर्षातून अनेकदा वीण घालून बाकीच्यांची जागा खाते, आणि बंदी असलेला विदेशी मांगूर अजूनही कुठे कुठे खपवला जातो. (आपल्या राज्याने २०२३ मध्ये राज्यमासा म्हणून पापलेट निवडला, तेव्हा गोड्या पाण्यातल्या माशांची सरकारदरबारी काय पत आहे ते दिसलेच.) त्याऐवजी लाख-दीड लाखांत भोई कुटुंबांनाच मानधन देऊन, कोणता मासा कोणत्या डोहात आणि कधी दिसतो याची दोन वर्षे नोंद ठेवावी. २००२ च्या जैवविविधता कायद्याखालील आपल्या ग्रामपंचायतीच्या समितीच्या नोंदवहीत ती चढवता येईल. मरळीची तांबूस पिले पाण्याच्या वरच्या थरात घोळक्याने फिरतात आणि आई-बाप त्यांची राखण करतात. त्या दिवसांत जोडी धरायची नाही, एवढा नियम संस्थेने स्वतः घातला, तरी बीज विकत घेण्याची गरज बरीच कमी होईल.

उरलेले पैसे बँकेत ठेवा. आपल्या ओढ्यावर कोल्हापुरी बंधारा असेल तर त्याची दारे आज कुठे आहेत, तेवढे मात्र याच आठवड्यात पाहून घ्या. आमची निम्मी मारुतीच्या सभामंडपात गंजत पडली होती आणि निम्मी चोरीला गेली होती. दारे पावसाळ्यात काढलेली असली तरच मासा वर चढतो, आणि परतीच्या पावसाआधी बसली तरच डोहाला पाणी राहते.