बटण एकदा दाबलं, आकडा चारने वाढला!

प्रश्न: सातवीतली माझी मुलगी आर्डुइनो उनोवर (प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या सर्किट बोर्डवर) बटणाने मोजणी करायला शिकतेय. एकदा दाबलं तरी आकडा कधी दोनने, कधी चारने वाढतो. हात न लावताही मधूनच बदलतो. बटण खराब आहे का?

उत्तर: बटण चांगलं आहे, फेकू नका. दोन घोळ एकत्र आलेत. हात न लावता आकडा हलतो, कारण बोर्डची पिन अधांतरी आहे, म्हणजे बटण दाबलेलं नसताना ती कशालाच जोडलेली नसते. बटणाकडे गेलेली ५ व्होल्टची तार काढा. बटणाचं एक टोक पिनला, दुसरं ग्राउंडला जोडा आणि कोडमध्ये पिनमोडमध्ये 'इनपुट पुलअप' (INPUT_PULLUP) लिहा. चिपच्या आतलाच २० ते ५० किलोओहमचा रोध कामाला लागेल आणि पिन 'हाय' (५ व्होल्ट) धरून ठेवेल. आता दाबल्यावर 'लो' (शून्य व्होल्ट) मिळेल, तेव्हा अट उलटी लिहायची.

दुसरा घोळ जास्त गमतीचा. बटणातली पट्टी टेकताना काही मिलिसेकंद थरथरते आणि चिप प्रत्येक थरथर इमानदारीने मोजते. बदल दिसला की २० मिलिसेकंद थांबून पुन्हा वाचा. आधीची स्थिती व्हेरिएबलमध्ये ठेवा. ती 'हाय' होती आणि आता 'लो' असेल, तरच एक वाढवा. थांबण्यासाठी साधा 'डिले' पुरे. जाणकार नाक मुरडतील, मुरडू देत. आणि तो २० चा आकडा तिलाच बदलू द्या: आधी १, मग ५००. ५०० ला भराभर दाबलेलं बटण चक्क निसटतं, ते तिने स्वतः पकडायला हवं.